पीसीओएस आणि गर्भधारणा: आधी बघायचं ते एकच, स्त्रीबीज सुटतंय का?

एकदा सलग नऊ दिवस मी ओव्ह्युलेशनच्या पट्ट्या वापरल्या आणि नऊही दिवस दोन ठसठशीत रेघा आल्या. पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे दोन रेघा म्हणजे एक-दोन दिवसांत स्त्रीबीज सुटणार. नऊ दिवस रोज ‘आज-उद्याच’! आम्ही दोघांनी तो आठवडा परीक्षेच्या वेळापत्रकासारखा काढला. त्यानंतर पाळी आली ती एक्केचाळीस दिवसांनी. बीज सुटलं की साधारण दोन आठवड्यांत पाळी येते किंवा गर्भ राहतो. एक्केचाळीस दिवस लागले याचा अर्थ सरळ होता, त्या आठवड्यात आत काहीच घडलं नव्हतं.

पट्टी खोटं बोलत नव्हती. ती मोजते बीज सुटण्याआधी उसळणारं एलएच नावाचं हार्मोन, आणि पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे अंडाशयाच्या कामात अडथळा आणणारा हार्मोनचा विकार) असलेल्या बऱ्याच जणींमध्ये ते मुळातच चढलेलं असतं. हा सगळा घोळ मला तेव्हा कुणी नीट सांगितला असता तर निदान वर्षभराचा मनस्ताप वाचला असता. म्हणून हा लेख.

पीसीओएसमध्ये मूल राहण्याच्या आड येणारी मुख्य गोष्ट एकच असते: स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही. आहार, व्यायाम, वजन, झोप, गोळ्या यांपैकी जे काही कराल त्याचं यश वजनकाट्यावर किंवा सोनोग्राफीच्या चित्रात शोधू नका. वर्षात किती वेळा बीज सुटलं, ते मोजा. अठ्ठावीस दिवसांची पाळी असणारीला वर्षाला तेरा संधी मिळतात. पंचेचाळीस दिवसांनी येत असेल तर आठ, आणि तीन महिन्यांनी येत असेल तर जेमतेम चार, त्याही प्रत्येक वेळी बीज सुटलं तर. घरच्या घरी करता येण्याजोगे सगळे उपाय ही संख्या वाढवण्यासाठी आहेत.

आत नेमकं काय अडतं

अंडाशयात बीजं छोट्या पाण्याच्या पिशव्यांमध्ये असतात, त्यांना फॉलिकल म्हणतात. दर महिन्याला त्यांतली काही वाढायला लागतात, एक पुढे निघते, साधारण वीस मिलिमीटरपर्यंत फुगते आणि फुटते. पीसीओएसमध्ये वाढ सुरू होते, पण बऱ्याच पिशव्या २ ते ९ मिलिमीटरवरच थबकतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर अंडाशयाच्या कडेनं काळे मणी ओवल्यासारखे दिसतात ते हेच. त्या गाठी नव्हेत. १९३५ मध्ये स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांमध्ये हा प्रकार नोंदवला आणि पुढे ‘सिस्ट’ हा शब्द नावात चिकटून बसला. त्यामुळे ‘गाठी विरघळवणारा’ काढा विकणाऱ्याकडे पाहून हसायला हरकत नाही. विरघळवायला गाठ असायला तर हवी!

पिशव्या अडतात का, याचं एक मोठं कारण इन्सुलिन. पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन बनवतं. रक्तातलं हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन अधिक बनवायला लावतं. शिवाय टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृतात तयार होतं, तेही इन्सुलिनमुळे घटतं, म्हणजे मोकळं टेस्टोस्टेरॉन आणखी वाढतं. चेहऱ्यावरची लव, मुरुमं, डोक्यावरचे विरळ होणारे केस आणि अडलेलं बीज या सगळ्यांचा धागा इथे जुळतो. सडपातळ बायकांमध्येही हा इन्सुलिनचा अडथळा असू शकतो, हे अनेकांना पटत नाही. आपल्या हातात असलेली दोरी हीच आहे. एलएचवर थेट ताबा मिळवता येत नाही, इन्सुलिनवर बऱ्यापैकी मिळवता येतो.

आधी तपासण्या, मग उपाय

‘आधी नैसर्गिक करून बघू, नाही जमलं तर डॉक्टर’ हा क्रम मला आता उलटा वाटतो. पाळी लांबण्याची कारणं इतरही असतात. थायरॉइड बिघडलेला असेल किंवा प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) वाढलेलं असेल, तर पीसीओएससाठी कितीही पथ्य पाळा, बीज अडलेलंच राहील. या दोन तपासण्या झाल्याशिवाय पीसीओएसचं निदान पक्कं मानू नये. निदानाचे निकष २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरले. अनियमित बीज, पुरुषी हार्मोनची लक्षणं किंवा रक्तातलं वाढलेलं प्रमाण, आणि सोनोग्राफीत भरपूर फॉलिकल, या तिन्हींपैकी दोन हवेत. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रौढ स्त्रियांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएचची (छोट्या फॉलिकलमधून येणाऱ्या हार्मोनची) रक्ततपासणीही चालते. मात्र नुसत्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘पीसीओडी’ (पीसीओएसचंच रूढ दुसरं नाव) असा शिक्का बसला असेल आणि पाळी वेळेवर येत असेल, तर दुसरं मत घ्याच.

गर्भधारणेचा विचार सुरू झाला की ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी करून घ्या. उपाशीपोटीची साखर नॉर्मल येऊनही दोन तासांनंतरची बिघडलेली सापडू शकते. रक्तदाब बघा. चालू असलेली औषधं डॉक्टरांना दाखवा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन, वजनासाठी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं यांपैकी काही चालू असेल तर ते थांबवून ठरावीक काळ गेल्यावरच प्रयत्न सुरू करायचे असतात. तो काळ किती, हे डॉक्टरांनाच ठरवू दे. फॉलिक अॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, निदान महिनाभर आधीपासून. मधुमेह असेल, वजन बरंच जास्त असेल किंवा अपस्माराची औषधं चालू असतील तर डॉक्टर जास्त डोस देऊ शकतात.

आणि नवऱ्याची वीर्यतपासणी. हे वाक्य मी वेगळ्या परिच्छेदात लिहिते आहे, कारण घराघरांत ते मागे पडतं. बायकोला पीसीओएस आहे म्हटल्यावर दोष सापडला, फाइल बंद! माझ्या ओळखीच्या एका जोडप्यात तिनं दीड वर्ष साखर सोडली, रोज पहाटे उठून चालली, पाळी महिन्यावर आणली. मग कुणीतरी त्याची तपासणी करा म्हटलं, तर शुक्राणूंची संख्या अगदीच कमी निघाली. ती तपासणी पहिल्याच आठवड्यात होऊ शकली असती. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, एवढंच त्यात करावं लागतं.

बीज सुटतंय का, हे ओळखायचं कसं

यासाठी एक वही करा. ॲपही चालेल, पण बहुतेक ॲपं मागच्या पाळ्यांच्या सरासरीवरून ‘आज सुपीक दिवस’ असं ठोकून देतात. ज्यांच्या पाळ्या एकदा चौतीस आणि एकदा साठ दिवसांच्या असतात, त्यांच्यासाठी सरासरीला काहीच अर्थ नाही. ॲपमध्ये नोंदी ठेवा, भविष्य वाचू नका.

सर्वांत भरवशाची नोंद सकाळच्या तापमानाची. डोळे उघडल्यावर, उठून बसण्याआधी, बोलण्याआधी, पाणी पिण्याआधी. त्यापूर्वी निदान तीन तासांची सलग झोप झालेली हवी. तापाचा साधा थर्मामीटर पुरत नाही, दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा घ्या. माझा मी उशीखाली ठेवायचे, वही आणि दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल तिथंच. पहिले काही दिवस आकडे वेडेवाकडे वाटतात: ३६.२८, ३६.३५, ३६.२१, ३६.३३. आलेखावर मांडल्याशिवाय त्यातून काही कळत नाही. मग एके सकाळी ३६.५८. दुसऱ्या दिवशी ३६.६१. तिसऱ्या दिवशी ३६.५५. आधीच्या सहा दिवसांच्या प्रत्येक आकड्यापेक्षा सलग तीन आकडे वर गेले की बीज सुटून गेलं असं समजायचं. बीज सुटल्यावर तयार होणारं प्रोजेस्टेरॉन शरीराचं तापमान साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसनं चढवतं, म्हणून हे घडतं. ती पहिली चढण वहीत दिसली तो माझा सव्विसावा दिवस होता. चौदावा नव्हे. तोवर आम्ही चौदाव्या दिवसाच्या आसपास नियमानं प्रयत्न करून मोकळे होत होतो!

तापमानाची अडचण एकच: ते घडून गेल्यावर सांगतं. आधी सूचना हवी असेल तर योनीतला स्राव बघा. बीज सुटण्याच्या आधीचे काही दिवस तो पातळ, पारदर्शक, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, दोन बोटांत ताणला तर न तुटता लांब होणारा असतो. पीसीओएसमध्ये असा स्राव एकाच पाळीत दोन-तीनदा येऊ शकतो, कारण शरीर प्रयत्न सुरू करतं आणि मधेच सोडून देतं. त्यामुळे स्राव म्हणजे ‘कदाचित’ आणि तापमान म्हणजे ‘हो, झालं’.

पट्ट्यांचं काय? फेकून देऊ नका, पण त्यांच्याकडून पाकिटावरचं उत्तर घेऊ नका. रोज एकाच वेळी करा, फोटो काढून ओळीनं लावा आणि स्वतःच्या नेहमीच्या रेघेपेक्षा एखाद्या दिवशी अचानक गडद झाली का ते पाहा. नंतर तापमान चढलं तरच ती खरी.

रक्ताच्या तपासणीनं खात्री करायची असेल तर प्रोजेस्टेरॉन. इथेही एक नेहमीची चूक होते. ‘एकविसाव्या दिवशी करा’ असं सर्रास सांगितलं जातं. तो हिशेब अठ्ठावीस दिवसांच्या पाळीचा आहे. तपासणी बीज सुटल्यानंतर सुमारे सात दिवसांनी करायची असते. माझ्यासारख्या सव्विसाव्या दिवशीवालीनं एकविसाव्या दिवशी रक्त दिलं तर ‘बीज सुटलं नाही’ असाच रिपोर्ट येणार. तापमान चढल्यावर सहा-सात दिवसांनी द्या. आकडा ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल तर बीज सुटलं आहे.

तीन पाळ्यांच्या नोंदी झाल्या की तुमचं चित्र तुमच्यासमोर असतं. महिन्याला तापमान चढत असेल तर अडचण बीज सुटण्याची नाही, दुसरीकडे शोधायला हवी. कधीच चढत नसेल तर नुसत्या आशेवर महिने घालवण्यात अर्थ नाही.

जेवण

पीसीओएससाठी एकच असा सर्वोत्तम आहार अजून कुणी सिद्ध केलेला नाही. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच म्हणतात: कुठलाही समतोल आहार, जो दीर्घकाळ पाळता येईल, तो चालेल. ही निराशेची बातमी वाटते, पण माझ्या दृष्टीनं सुटकेची आहे. गहू सोडा, दूध सोडा, फळं सोडा, अशी याद्यांची माळ गळ्यात घालून फिरायची गरज नाही. ग्लुटेन किंवा दूध न सोसणारीनं ते जरूर टाळावं, बाकीच्यांनी केवळ पीसीओएस आहे म्हणून टाळण्याला आधार नाही.

लक्ष इन्सुलिनवर ठेवलं की निर्णय सोपे होतात. पहिला वार गोड पेयांवर करा. सरबतं, शीतपेयं, डब्यातले फळांचे रस, दिवसातून चार वेळचा गोड चहा. त्यांतली साखर चावावी लागत नाही, पोटही भरत नाही आणि इन्सुलिन मात्र झपकन वर जातं. दुसरं, प्रत्येक जेवणात प्रथिनं ठळक दिसली पाहिजेत: डाळ, कडधान्य, अंडी, दही, मासे, चिकन, पनीर, जे चालत असेल ते. सकाळच्या खाण्यातून ती बहुतेकांच्या गळूनच पडतात. तिसरं, अर्धं ताट भाज्यांचं. भात किंवा पोळी उरलेल्या चतकोरात. पूर्ण बंद करू नका, बंद केलेली गोष्ट पंधराव्या दिवशी दुपटीनं परत येते, हा स्वानुभव.

आधी भाजी आणि प्रथिनं, मग धान्य, असा खाण्याचा क्रम ठेवला तर जेवणानंतरची साखर कमी चढते. एवढा एक बदल करायला काही विकत आणावं लागत नाही. मला त्याचा फरक दुपारी चारला कळला. पूर्वी त्या वेळी डोळे मिटायचे आणि हात बिस्किटांच्या डब्याकडे जायचा, तो जाणं हळूहळू थांबलं.

वजन जास्त असेल तर शरीराच्या वजनाच्या ५ ते १० टक्के घट पुष्कळ जणींमध्ये बीज पुन्हा सुटायला पुरते. ८० किलो असतील तर ४ ते ८ किलो. ‘आदर्श वजन’ गाठेपर्यंत थांबायची गरज नाही. घाईनं उतरवू नका आणि उपासमार करत असताना गर्भधारणेचे प्रयत्न करू नका.

सडपातळ असाल तर हा सल्ला तुमच्यासाठी नाहीच. पीसीओएस म्हटलं की ‘दोन किलो कमी करा’ म्हणायची डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांना सवय आहे. आधीच कमी वजन असलेल्या बाईनं आणखी घटवलं, किंवा सोळा-अठरा तासांचे उपास धरले, तर मेंदू ‘दुष्काळ आहे’ असं समजून बीजाचं काम आणखी मागे टाकू शकतो. तुमच्या वाट्याला प्रथिनं, स्नायू आणि झोप हे तीन उपाय येतात.

हालचाल

आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, म्हणजे चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत, किंवा ७५ ते १५० मिनिटं दमवणारा. शिवाय आठवड्यातून दोन दिवस, मध्ये खंड ठेवून, स्नायूंचा व्यायाम. हा दुसरा भाग बायका सोडून देतात आणि पीसीओएसमध्ये तोच मोलाचा. जेवणातली साखर मुख्यतः स्नायूंमध्ये जाते. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो आणि व्यायामानंतर सुमारे एक-दोन दिवस इन्सुलिनला जास्त दाद देतो. त्यामुळे रविवारी तीन तास घाम गाळून आठवडाभर बसण्यापेक्षा दिवसाआड अर्धा तास बरा. खुर्चीवरून न टेकता उठबस, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, जिना. सुरुवातीला इतकं पुरे. वजन एक ग्रॅमही उतरलं नाही तरी इन्सुलिनवरचा परिणाम होतोच, म्हणून काट्यावर रुसून व्यायाम सोडू नका.

झोप, आणि ‘टेन्शन घेऊ नकोस’

पीसीओएसमध्ये झोपेत श्वास अडण्याचा विकार अधिक आढळतो. जोरात घोरत असाल, सात-आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड राहत असेल तर तपासून घ्या. अपुरी झोप इन्सुलिनचा अडथळा वाढवते.

‘टेन्शन सोड, आपोआप राहील’ हे वाक्य मात्र ऐकून सोडून द्या. बीज इन्सुलिन आणि हार्मोनमुळे अडतं, तुमच्या स्वभावामुळे नाही. चिंता आणि नैराश्य पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये जास्त प्रमाणात दिसतं, त्यासाठी मदत घ्यावी ती स्वतःला बरं वाटावं म्हणून.

बाटल्या आणि पुड्या

मी एकदा चांगल्या मोठ्या रकमेचा ‘हार्मोन डिटॉक्स’ पावडरचा डबा आणला होता. डब्यावर घटकांची नावं होती, प्रमाण नव्हतं. विक्रेत्याला विचारलं तर ‘सगळं नैसर्गिक आहे’ एवढंच उत्तर. पंधरा दिवस जुलाब झाले. बीज त्या पाळीत सुटलं नाही ते नाहीच.

जरा बरा पुरावा असलेलं नाव म्हणजे इनोसिटॉल, शरीरातही बनणारा साखरेसारखा एक पदार्थ. मायो-इनोसिटॉल दिवसाला ४ ग्रॅम, दोन वेळांत विभागून, हा अभ्यासांमध्ये नेहमी वापरलेला डोस. मायो आणि डी-कायरो या दोन प्रकारांचं ४० ला १ असं मिश्रणही मिळतं. काहींच्या पाळ्या सुधारतात, दुष्परिणाम थोडे. पण त्यामुळे मूल होण्याचं प्रमाण वाढतं असा ठोस पुरावा अजून नाही. घ्यायचंच असेल तर तीन महिने घ्या, वहीत फरक दिसला तर चालू ठेवा, नाहीतर पैसे वाचवा. डी-कायरोच्या मोठ्या डोसच्या गोळ्या टाळा.

ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढा, आधी तपासून. मेटफॉर्मिन (इन्सुलिनचा अडथळा कमी करणारं मधुमेहाचं औषध) दीर्घकाळ घेत असाल तर बी-१२ ही बघा. दालचिनी आणि पुदिन्याचा चहा यांवर छोटे अभ्यास आहेत. पुदिन्याच्या एका जातीनं टेस्टोस्टेरॉन किंचित उतरल्याचं दिसलंय, पण त्यानं बीज सुटतं असं कुणी दाखवलेलं नाही. आवडत असेल तर चहा म्हणून प्या. अॅक्युपंक्चरचा अभ्यास मात्र मोठा झाला. चीनमध्ये हजार स्त्रियांवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यामुळे मुलं होण्याचं प्रमाण वाढलं नाही.

वनस्पतींची औषधं घेत असाल तर डॉक्टरांना नाव सांगा. गर्भ राहिल्याचं कळेपर्यंत दोन-तीन आठवडे ती आत जातच असतात, हे लक्षात ठेवलं म्हणजे ‘नैसर्गिक आहे, चालतं’ म्हणवत नाही.

संबंध कधी

शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात, बीज जेमतेम बारा ते चोवीस तास. म्हणजे बीज सुटण्याआधीचे दिवस कामाचे, नंतरचे फारसे नाहीत. पाळी बेभरवशाची असेल तर दिवस मोजत बसण्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवा, त्यात सुपीक दिवस आपोआप सापडतात. ताणणारा स्राव दिसला की दिवसाआड किंवा रोज. बरेचसे वंगण जेल शुक्राणूंची हालचाल मंदावतात, तेवढं लक्षात असू द्या. नंतर पाय वर करून पडून राहण्याचा उपयोग नाही, झोप येत असेल तर खुशाल झोपा.

नवऱ्यासाठीही तीन महिने धरा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. तंबाखू, सिगारेट, दारू, मांडीवर तापणारा लॅपटॉप आणि रोजचं खूप गरम पाण्यात बसणं आज सोडलं तर परिणाम तेव्हा दिसेल. तुमचा चहा-कॉफी दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिनच्या आत ठेवा, म्हणजे अंदाजे दोन कप कॉफी.

किती दिवस वाट पाहायची

फॉलिकलच्या वाढीचा शेवटचा टप्पाही जवळपास तीन महिन्यांचा असतो. आज बदललेल्या जेवणाचा परिणाम पुढच्याच पाळीत शोधू नका, तिसऱ्या-चौथ्या पाळीत शोधा. सुरू करतानाच वहीच्या शेवटच्या पानावर एक तारीख लिहा: आजपासून तीन महिने. त्या दिवशी मागे जाऊन बघा. तापमान आधी तीन महिन्यांत एकदा चढत होतं आणि आता दोनदा चढलं, तर मार्ग बरोबर आहे, आणखी तीन महिने द्या. काहीच बदललं नसेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

काही जणींनी मात्र तीन महिन्यांचीही वाट पाहू नये. वय ३५ च्या पुढे असेल तर या उपायांबरोबरच तपासण्या आणि सल्ला सुरू करावा, चाळिशीत तर लगेच. ‘वर्षभर प्रयत्न करा, मग या’ हा नियम नियमित पाळी असणाऱ्या तरुण जोडप्यांसाठी आहे. ज्यांना वर्षात चारच वेळा पाळी येते त्यांनी वर्षभर थांबणं म्हणजे चार संधींसाठी थांबणं. शिवाय नव्वद दिवस पाळी आली नाही तर, मूल हवं असो वा नसो, डॉक्टरांना भेटा. आधी गर्भ राहिला आहे का ते तपासतील, नसेल तर पाळी आणवतील. गर्भाशयाचं अस्तर महिनोन्‌महिने साचत राहणं धोक्याचं असतं.

औषध घ्यावं लागलं म्हणजे नैसर्गिक प्रयत्न फुकट गेले, असं मला पूर्वी वाटायचं. बीज सोडवण्यासाठी आता पहिलं औषध लेट्रोझोल दिलं जातं, पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस गोळ्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ७५० स्त्रियांना पाच पाळ्यांपर्यंत औषध दिलं. लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के, तर जुनं क्लोमिफीन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के स्त्रियांना मूल झालं. तुम्ही इन्सुलिनवर केलेलं काम औषधाबरोबरही चालू ठेवायचं असतं. ते पुढे गर्भारपणातही लागतं, कारण पीसीओएस असताना त्या काळात मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो. साखरेची तपासणी आधी झाली नसेल तर पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत मागून घ्या.

आणि एखाद्या वेळी तापमान चढेल आणि उतरणारच नाही. अठरा दिवस वर राहिलं की टेस्ट करा. तापमान बघत नसाल तर संबंधानंतर तीन आठवड्यांनी. ती पॉझिटिव्ह आली तर डॉक्टरांना पाळीच्या तारखेसोबत तापमान चढल्याची तारीखही सांगा. पाळीपासून मोजून आठ आठवडे झाले म्हणून सोनोग्राफी केली आणि बीज सुटलं होतं अठ्ठाविसाव्या दिवशी, तर गर्भ सहाच आठवड्यांचा दिसणार, हृदयाचा ठोका कदाचित नुकता कुठे लागत असणार. वहीतली तारीख समोर नसेल, तर ‘वाढ कमी आहे’ एवढंच वाक्य घेऊन घरी यावं लागतं आणि पुढच्या सोनोग्राफीपर्यंतचे दहा दिवस जाता जात नाहीत.